बिटकॉइनच्या जाळ्यांतील गर्दी

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणारी एस. टी. गाडी फलाटास लागते न लागते तोंच खिडक्यांतून दुपट्टे, रुमाल व पिशव्या आंत पडूं लागतात, हें दृश्य आमच्या गोरेगांवच्या वाचकांस परिचित आहे. एका मनुष्यानें आपल्यापुरती एक जागा धरली तर कोणी तक्रार करीत नाहीं. परंतु एकाच मनुष्यानें दहा बाकांवर दहा रुमाल टाकले, आणि तो प्रवासास मुळीं निघालेलाच नसून, कोण चढतें, कोण कोणाजवळ बसतें व कोठें उतरतें एवढेंच टिपून घेण्यास आलेला असला, तर? अशा वेळीं वाहकाकडे दाद मागतां येते. पण गाडीला वाहकच नसेल, मालक नसेल, आणि गाडीचें दार बंद करावयाचें नाहीं असा तिचा मूळ नियमच असेल, तर काय करावें? ज्या जाळ्याची माहिती आम्ही येथें देणार आहों त्याची स्थिति नेमकी अशीच आहे.

सातोशी नाकामोतो हें टोपणनांव धारण करणाऱ्या कोणा व्यक्तीनें किंवा मंडळीनें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं एक निबंध प्रसिद्ध केला, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं बिटकॉइन नामक चलनाच्या खातेवहीचें पहिलें पान तयार झालें. ह्या पानास ‘ब्लॉक’ म्हणतात. बँकेची खातेवही बँकेच्या ताब्यांत असते. ह्या खातेवहीच्या प्रती मात्र जगांतील हजारों संगणकांवर असतात, आणि त्यांपैकीं कोणतीहि प्रत दुसरीहून वरिष्ठ नाहीं. पालकवर्गासाठीं येथेंच एक खुलासा करून ठेवितों. हें चलन घ्यावें कीं न घ्यावें, हा आमचा विषय नव्हे. रिझर्व्ह बँकेनें २०१८ सालीं बँकांस ह्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितलें होतें. तें परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं रद्द ठरविलें. तथापि आपल्या देशांत बिटकॉइन हें कायदेशीर चलन नाहीं, आणि त्यावरील नफ्यावर २०२२ पासून तीस टक्के कर आहे. आम्हांस येथें कुतूहल आहे तें पैशाचें नव्हे, जाळ्याच्या रचनेचें.

खातेवहीची प्रत सांभाळणाऱ्या प्रत्येक संगणकास ‘नोड’ म्हणतात. कोणी एखादा व्यवहार केला कीं त्याचा नोड ती वार्ता आपल्या शेजाऱ्यांस सांगतो. ते ती तपासून आपापल्या शेजाऱ्यांस सांगतात. बाजाराच्या दिवशीं एका गांवची बातमी दवंडीवांचून दहा गांवीं पोंचते, तसाच हा प्रकार आहे. येथें शेजारी म्हणजे जवळ राहणारा नव्हे. गोरेगांवच्या नोडाचा शेजारी ब्राझीलमध्यें असूं शकतो. दोघांमध्यें इंटरनेटवरून एक जोडणी झाली म्हणजे ते शेजारी झाले.

ह्या जोडण्या दोन प्रकारच्या असतात. कांहीं नोड स्वतः होऊन जोडतो, आणि कांहीं इतर नोड येऊन त्यास जोडतात. ‘बिटकॉइन कोअर’ ही सर्वांत प्रचलित आज्ञावली स्वतः होऊन साधारणपणें दहा जोडण्या करते. त्यांपैकीं आठांवरून व्यवहार व ब्लॉक दोन्ही जातात, आणि दोहोंवरून केवळ ब्लॉक. एकंदर जोडण्यांची मर्यादा, मालकानें ती बदलली नसल्यास, १२५ आहे. म्हणजे बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठीं एका नोडाजवळ सुमारें ११४ जागा उरतात. मर्यादा ठेवण्याचें कारण उघड आहे: प्रत्येक पाहुण्यामागें थोडी स्मृति व थोडें इंटरनेट खर्च होतें. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. घरोघरचे पुष्कळ नोड राउटरच्या आड असतात; ते बाहेर जाऊं शकतात, परंतु त्यांच्याकडे कोणास येतां येत नाहीं. म्हणून दार उघडें ठेवणारे जे नोड आहेत त्यांच्या जागांवर सर्वांचाच भार पडतो. नवा नोड जाळ्यांत येतो तो अशाच एखाद्या उघड्या दारांतून.

आतां ‘क्रॉलर’ कशास म्हणतात तें पाहूं. एका नोडाकडे जावें, “तुला ठाऊक असलेले पत्ते सांग” असें विचारावें, मिळालेल्या पत्त्यांवर जाऊन पुन्हा तेंच विचारावें, आणि असें करीत सारें जाळें पालथें घालावें, हें काम करणाऱ्या आज्ञावलीस क्रॉलर हें नांव आहे. हें काम स्वभावतः वाईट नाहीं. जाळ्यांत किती नोड आहेत, ते कोणत्या देशांत आहेत, जुन्या आज्ञावली अद्याप कितीजण वापरतात, हें सर्व आपणांस क्रॉलरांमुळेंच कळतें. जनगणनेचा प्रगणक दारीं येतो, नांवें लिहून घेतो आणि पुढच्या घरीं जातो. त्याच्यावर कोणी रागावत नाहीं. परंतु प्रगणक म्हणवून आलेला मनुष्य रोज वीस वेळां, वीस निराळीं नांवें सांगून येऊं लागला आणि प्रश्न संपल्यावरहि ओसरीवर बसून घरांतील बोलणें ऐकूं लागला, तर त्यास प्रगणक म्हणतां येत नाहीं.

असा प्रकार प्रत्यक्ष घडलेला आहे. मार्च २०२३ मध्यें जाळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या एका संशोधकानें, तोहि टोपणनांवानेंच लिहितो, असें दाखवून दिलें कीं, पत्त्यांच्या थोड्याशा पट्ट्यांतून कोणी एक पक्ष दार उघडें असलेल्या बहुतेक नोडांशीं सतत जोडण्या करीत आहे, आणि त्याच्या खुणा निदान २०१८ पर्यंत मागें जातात. ह्या अज्ञात पक्षास त्यानें ‘लिंकिंगलायन’ असें नांव दिलें. त्याच्या बहुतेक जोडण्या ओळख होतांच तुटत. कांहीं मात्र कित्येक मिनिटें टिकून कोणते व्यवहार येतात तें ऐकत. स्वतः वार्ता सांगण्याचें काम त्या करीत नसत. हेतु काय, तें कोणी सिद्ध केलेलें नाहीं. परंतु तर्क असा आहे कीं, एखादा व्यवहार प्रथम कोणत्या पत्त्यावरून ऐकूं आला हें टिपून ठेविल्यास तो व्यवहार कोणाचा, ह्याचा अंदाज बांधतां येतो. खातेवहींत नांवें नसतात; इंटरनेटच्या पत्त्यामागें मात्र मनुष्य असतो.

याहून मोठें एक भय आहे. २०१५ सालीं हाइलमन, केंडलर, झोहर व गोल्डबर्ग ह्या चार संशोधकांनीं असें दाखविलें कीं, एखाद्या नोडाच्या आंत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या सर्वच जागा एका पक्षानें बळकाविल्या, तर त्या नोडास बाहेरच्या जगाचें दर्शनच होत नाहीं. तो पक्ष दाखवील तेंच त्याला खरें वाटतें. ह्या हल्ल्यास त्यांनीं ‘ग्रहण’ ह्या अर्थाचें नांव दिलें, आणि तें समर्पक आहे. सूर्य असतो, पण दिसत नाहीं. अशा नोडाच्या मालकानें माल दिला आणि पैसे मिळाले असें मानलें, तरी खऱ्या खातेवहींत ते कधीं आलेलेच नसतात. त्या निबंधानंतर आज्ञावलींत ज्या सुधारणा झाल्या त्यांपैकीं एक म्हणजे पत्ते सांभाळण्याच्या कप्प्यांची संख्या चौपट करण्यांत आली.

तर मग उपाय काय? पहिला विचार मनांत येतो तो बहिष्काराचा. लिंकिंगलायनचे पट्टे ठाऊक आहेत, मग ते बंद करावे. कित्येक नोडचालकांनीं तसें केलेंहि. आज्ञावलींत तशी सोय आहे. मोनेरो नामक दुसऱ्या चलनाच्या आज्ञावलीस तर बहिष्कृत पत्त्यांची संपूर्ण यादीच देतां येते, आणि मालकानें बदल न केल्यास ती एका पत्त्यावरून एकच जोडणी आंत घेते. आम्हांस हा उपाय तात्पुरता म्हणून मान्य आहे, परंतु त्यावर भिस्त ठेवणें योग्य वाटत नाहीं. नवे पत्ते भाड्यानें घेणें स्वस्त आहे. हेर आज ह्या पट्ट्यांत, तर उद्यां दुसऱ्या. उलट निरपराध माणसें मात्र अडकतात. आपल्याकडील मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यांत शेंकडों गिऱ्हाइकें जुन्या पद्धतीच्या एकाच पत्त्याआड असतात. कोणी त्या पत्त्यावर बहिष्कार टाकला तर त्यांत गोरेगांवचा एखादा विद्यार्थीहि बाहेर राहील, आणि आपलें काय चुकलें हें त्यास कधीं कळणार नाहीं. शिवाय यादी कोणी करावयाची? ज्या गाडीला वाहक नको म्हणून इतकी खटपट केली, तिच्यांत यादी करणारा हाच वाहक होऊन बसतो.

बिटकॉइन कोअरनें निवडलेला मार्ग अधिक विचारपूर्वक आहे, आणि विद्यार्थ्यांनीं तो नीट समजून घ्यावा अशी आमची इच्छा आहे. सर्व जागा भरल्या असतां नवा पाहुणा आला, तर नोड दार लावीत नाहीं; बसलेल्यांपैकीं एकास उठवितो. कोणास उठवावयाचें हें ठरवितांना तो हेर ओळखण्याच्या भानगडींत पडतच नाहीं. प्रथम तो ज्यांस उठवावयाचें नाहीं अशांस बाजूस काढतो. पत्त्यांच्या निरनिराळ्या गटांतील चार, आणि हे गट निवडतांना एक गुप्त संख्या वापरलेली असते, म्हणजे आपला गट त्यांत येईल कीं नाहीं हें हल्लेखोरास आधीं समजूं नये. ज्यांच्याकडून उत्तर सर्वांत लवकर येतें असे आठ. ज्यांनीं नुकताच उपयुक्त व्यवहार कळविला असे चार. ज्यांनीं नुकताच नवा ब्लॉक आणून दिला असेहि कांहीं. उरलेल्यांपैकीं सुमारें अर्धे, विशेषतः जे फार काळ बसलेले आहेत ते, राखले जातात. त्यानंतर जे राहिले त्यांत कोणत्या गटाचीं माणसें सर्वांत अधिक आहेत तें पाहून, त्या गटांतील सर्वांत शेवटीं आलेल्यास उठविलें जातें.

ह्या नियमांची खुबी अशी कीं, एकानें दहा रुमाल टाकले तर त्याचाच गट सर्वांत मोठा होतो आणि त्याचाच रुमाल प्रथम उचलला जातो. जागा टिकवावयाची असेल तर हेरालाहि लवकर उत्तर द्यावें लागतें, ब्लॉक आणावे लागतात, व्यवहार कळवावे लागतात. थोडक्यांत, हेर असला तरी त्यास हमाली चुकत नाहीं. नियम निर्दोष आहेत असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. फार काळ बसलेल्यास राखण्याचा नियम सोशिक हेराच्या पथ्यावर पडतो, आणि निरनिराळ्या गटांतील पत्ते विकत घेण्याइतका पैसा ज्याच्याजवळ आहे त्यास गटाचा नियम पुरता अडवूं शकत नाहीं.

दुसरा मार्ग म्हणजे अधिक जोडण्या करण्याचा फायदाच काढून घेणें. पूर्वीं पुन्हा पुन्हा येऊन पत्ते विचारणाऱ्यास दर वेळीं निराळे पत्ते मिळत, आणि थोड्या काळांत नोडाची सारी वही त्याच्या हातीं पडे. नोड एका वेळीं फार तर एक हजार पत्ते सांगतो, आणि तेहि वहींतील जास्तींत जास्त २३ टक्के. परंतु वारंवार विचारल्यावर ही मर्यादा निरर्थक होई. जानेवारी २०२१ मधील आवृत्तीपासून नोड आपलें उत्तर एकदां तयार करून ठेवितो आणि सुमारें एक दिवसपर्यंत सर्वांस तेंच देतो. वीस वेळां विचारा, उत्तर एकच! व्यवहारांच्या वार्तेचेंहि तसेंच. आंत आलेल्या पाहुण्यांस ती तत्काळ न सांगतां सरासरी पांच सेकंदांच्या, पण अनियमित अंतरानें सांगतात, आणि हें वेळापत्रक त्या पाहुण्यांत सामाईक असतें. त्यामुळें शंभर जागा धरणाऱ्यास एक जागा धरणाऱ्याहून वार्ता आधीं मिळत नाहीं.

ज्या विद्यार्थ्याच्या घरीं जुना संगणक व मोठी डिस्क असेल (सबंध खातेवहीस सहाशे गिगाबाइटांहून अधिक जागा लागते, थोडकी प्रत ठेवण्याचीहि सोय आहे) त्यास हें सारें डोळ्यांनीं पाहतां येईल. ‘गेटपीअरइन्फो’ ही आज्ञा दिली कीं प्रत्येक पाहुण्याचा पत्ता, तो केव्हां आला, त्यानें शेवटचा व्यवहार व ब्लॉक केव्हां दिला, हें सर्व पडद्यावर येतें. पाहुणे दिसावयास राउटरमधून ८३३३ क्रमांकाचें दार उघडें पाहिजे. तें उघडण्यापूर्वीं वडील मंडळींस विचारावें, आणि त्या संगणकावर कोणाचेहि पैसे ठेवूं नयेत. तासन्‌तास बसूनहि कांहींच न देणारा एखादा पाहुणा यादींत दिसला तरी लगेच बहिष्काराची आज्ञा देण्याची घाई करूं नये. प्रथम जागा भरल्या आहेत काय तें पाहावें. रिकाम्या गाडींत कोणी खिडकीशीं नुसता बसून राहिला तर कोणाचें कांहीं अडत नाहीं. जागा भरलेल्या असून एकाच पट्ट्यांतील पत्ते पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर तेवढ्या पट्ट्यास ‘सेटबॅन’ ह्या आज्ञेनें थांबवावें. मुदत सांगितली नाहीं तर ती मनाई चोवीस तासांनीं आपोआप उठते.