वराहमांसाची प्रत : आनुवंशिकता व कत्तलीनंतरची स्नायुक्रिया

जनावराची कत्तल होताच त्याच्या स्नायूंतील रासायनिक क्रिया थांबतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. रक्ताभिसरण थांबल्याने स्नायूंना प्राणवायू मिळेनासा होतो. परंतु त्यांत साठलेल्या ग्लायकोजेनचे विघटन प्राणवायूवाचून चालूच राहते व दुग्धाम्ल तयार होते. त्यामुळे डुकराच्या स्नायूंचा सामू सुमारे ७ वरून सहा ते आठ तासांत सुमारे ५.६ पर्यंत हळूहळू उतरतो. तोवर मांस थंड झालेले असते व त्याची प्रत टिकते.

हीच क्रिया अतिवेगाने घडली, म्हणजे पाऊण तासातच सामू ६ च्या खाली गेला, तर मांस अद्याप गरम असते. आम्ल व उष्णता यांच्या एकत्रित परिणामाने प्रथिनांची रचना बिघडते आणि मांस फिकट, मऊ व पाणी सुटणारे होते. त्याचे वजन घटते व प्रक्रियेसाठीही ते उणे ठरते.

या दोषाचे एक मूळ आनुवंशिकतेत आहे. युरोपात कमी चरबीची व भरदार स्नायूंची डुकरे पैदाशीसाठी निवडली गेली. त्यांबरोबर हा दोषही पसरला. बेल्जियमच्या पिएत्रें जातीत तो विशेष आढळला. हॅलोथेन या भुलीच्या औषधाने पाय ताठरणारी जनावरे ओळखता येत. परंतु दोषाचे एकच जनुक बाळगणारी वाहक जनावरे बहुधा निसटत. १९९१ मध्ये टोरांटो येथील डेव्हिड मॅक्लेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक शोधून काढले. स्नायुपेशीत कॅल्शियम सोडणाऱ्या प्रथिनात ६१५ व्या स्थानी आर्जिनीनऐवजी सिस्टीन आल्याने ताणाच्या वेळी कॅल्शियम बेसुमार सुटते व ग्लायकोजेन झपाट्याने खर्ची पडते. आता रक्ताच्या लहानशा नमुन्यावरून वाहकही ओळखता येतात.

हॅम्पशायर जातीतील दुसरा दोष २००० मध्ये उलगडला. त्यात स्नायूंत ग्लायकोजेनचा साठाच सुमारे ७० टक्के अधिक असतो. म्हणून सामू नेहमीच्या वेगाने, परंतु अधिक खाली उतरतो.

तथापि सारा दोष वंशाचा नव्हे. कत्तलीपूर्वी जनावरास मारझोड झाली, तर निर्दोष वंशाचे मांसही फिकट पडू शकते. दीर्घ प्रवास व उपासमार यांनी ग्लायकोजेन आधीच संपले, तर सामू ६ च्या वर राहतो. मांस काळपट, कोरडे व लवकर नासणारे होते. म्हणून पैदाशीच्या नराची निवड जितकी महत्त्वाची, तितकेच वाहतुकीत पाणी, सावली व विसावा देणेही महत्त्वाचे होय. जनावरास दिलेली सौम्य वागणूक ही दयेची बाब आहेच, शिवाय ती पशुपालकाच्या हिताचीही आहे.