चि. निखिलला, हेडफोन उघडण्याआधी

बेळगाव

चि. निखिल,


तुझ्या हेडफोनचा आवाज पातळ लागतो आणि तू आतला स्पीकर बदलायला निघाला आहेस, असं ताई फोनवर म्हणाली. स्पीकरला इतक्यात हात लावू नकोस. स्वस्त हेडफोनात बहुतेक वेळा स्पीकर बरा असतो, हवेचा बंदोबस्त नसतो. स्पीकरच्या पडद्याने ढकललेली हवा कानाशी कोंडून राहिली तरच खर्ज ऐकू येतो. कपाची गादी कानावर नीट बसली नाही किंवा चष्म्याची काडी मध्ये आली, की तो फटीतून निसटतो. तबल्याचं काहीतरी लाव आणि दोन्ही कप तळव्यांनी हलकेच दाब. डग्गा एकदम भरून आला, तर दोष गादीचा समज.

तुमच्या जोयड्यात हा दोष यायचाच. गादीवरचं ते रेक्झिन बहुधा पॉलियुरेथेनचं असतं आणि दमट हवेत ते आपोआप विघटित होतं. आधी चिकट होतं, मग पापुद्रे सुटतात. अणशी-कुंभारवाड्याकडच्या पावसात त्याचा टिकाव किती लागणार? म्हणून पहिला खर्च नव्या, जाड, मापाच्या गाद्यांवर कर. महागडी केबल घेऊन आवाज सुधारतो म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

आता कपाच्या मागची बारीक भोकं. शिगम्याला कुणब्यांचं घुमट वाजतं तेव्हा वाजवणाऱ्याचा डावा हात बघ. एका तोंडाला कातडं, दुसरं उघडं. ते उघडं तोंड तो झाकतो, मोकळं करतो, आणि कातडं तेच असून नाद बदलतो. कपाच्या भोकांचंही तसंच. मेडिकलमध्ये मिळते ती कागदी मायक्रोपोर पट्टी त्यांच्यावर लावून बघ. तिच्यातून हवा जाते, पण अडखळत, त्यामुळे डग्ग्याची नुसती घूं-घूं बहुधा आवरते. क्वचित खर्जच नाहीसा होतो. तसं झालं तर पट्टी काढायची. काढता येईल तेवढंच करायचं, डिंक किंवा फेव्हिक्विक आत नको.

कपात भरायला घरातला कापूस घेऊ नकोस, तुमच्याकडे तो ओल धरतो आणि बुरशी येते. उशीतला रेक्रॉन चिमूटभर, सैल पिंजून घाल, पडद्याला टेकू देऊ नकोस. आवाज टोचत असेल तर स्पीकरच्या पुढे पातळ फेल्टची चकती ठेव. चाटीची धार कमी होते. पण फार जाड ठेवलीस तर तानपुऱ्याची जवारीही जाईल, आणि मग ऐकायचं काय?

एका वेळी एकच बदल कर, तोही आधी एकाच कपात. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू कर, म्हणजे दोन्ही कानांत एकच येईल आणि फरक कळेल. पसंत पडला की दुसरीकडे तेवढंच कर. शेवटी एकट्या गळ्याचं गाणं ऐक. गळा डोक्याच्या मधोमध यायला हवा, एका बाजूला सरकला तर दोन्ही कप सारखे झालेले नाहीत.

वायर तुटली असेल तरच सोल्डर कर. आतल्या तारेला लाखेसारखा थर असतो, तो टोकाला जाळल्याशिवाय कथील धरत नाही. एका बाजूच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर गळा पसरट होतो आणि खर्ज विरतो. ब्लूटूथचा हेडफोन असेल तर बॅटरीला हातच लावू नकोस.

हे सगळं वायफळ वाटत असेल, तर सांगतो. खर्ज गळतो म्हणून माणूस आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे, आणि त्यापुढे वाढलेल्या दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. गादी नीट बसली की तूच आपणहून आवाज कमी करशील. तू आवाज फार वाढवतोस, हीच तर ताईचीही तक्रार आहे.

गादीचं बाहेरचं आणि आतलं माप पट्टीने घेऊन फोनवर सांग. इथे बाजारात मिळाल्या तर रामनगरच्या गाडीने पाठवतो.

तुझा,
मामा