जुन्या पुस्तकांच्या दुकानात

सुट्टीचा दिवस कोणाला नको असतो? नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत वसलेल्या काठी गावची मुले होळीची वाट पाहतात. त्या रात्री दूरदूरच्या पाड्यांवरून माणसे तेथे जमतात, ढोलाच्या तालावर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. आपल्या गावात सुट्टी कशी घालवावी, हे कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु घरापासून हजारो मैल दूर, अनोळखी महानगरात एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सुट्टीच्या दिवशी कोठे जावे?

१९१३ सालच्या जुलै महिन्यात भीमराव रामजी आंबेडकर हे बावीस वर्षांचे तरुण अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी पोहोचले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती. कोलंबिया विद्यापीठात त्यांचे अध्ययन सुरू झाले. मागे मुंबईस पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत होता. शिष्यवृत्तीच्या रकमेतच स्वतःचा खर्च भागवायचा आणि उरेल ते घरी धाडायचे, अशी त्यांची परिस्थिती होती.

न्यूयॉर्कमध्ये मन रमविण्याच्या जागांना तोटा नव्हता. त्या काळी जगातील सर्वांत उंच ठरलेली वुलवर्थ इमारत त्याच वर्षी पूर्ण झाली होती. विस्तीर्ण उद्याने, नाटकगृहे आणि समुद्रकाठची करमणूक यांकडे सुट्टीच्या दिवशी लोकांची रीघ लागे. आरंभीचे काही दिवस भीमरावही मित्रांसमवेत खेळांत आणि करमणुकीत रमले. परंतु लवकरच त्यांच्या मनाला टोचणी लागली. ज्या समाजातील मुलांना शाळेत वेगळे बसावे लागत होते, पाण्याच्या भांड्याला हात लावण्याचीही मुभा नव्हती, त्या समाजातून ते आले होते. येथे मात्र ग्रंथालयाचे दार त्यांना उघडे होते. ही संधी तीन वर्षांनी संपणार होती.

तेव्हापासून त्यांची पावले जुन्या पुस्तकांच्या दुकानांकडे वळू लागली. एका नव्या ग्रंथाच्या किमतीत तेथे अनेक जुने ग्रंथ मिळत. कपाटे धुंडाळावीत, पाने चाळावीत, खिशातील पैसे मोजावेत आणि मनाजोगा ग्रंथ घेऊन परतावे, हाच त्यांचा विरंगुळा झाला. जेवणाखाण्यात काटकसर करून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये सुमारे दोन हजार पुस्तके जमविली. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र अशा अनेक विषयांचे अध्ययनही त्यांनी केले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान घेऊन निघालेले जहाज शत्रूच्या पाणतीराने बुडाले आणि त्यांतील पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. पोटाला चिमटा घेऊन जमविलेले धन असे नाहीसे झाल्यावर एखाद्याने पुस्तकांचा नाद सोडला असता.

भीमरावांनी तो सोडला नाही. मुंबईत प्राध्यापकाची नोकरी करून त्यांनी पैसे साठविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथील ब्रिटिश म्यूझियममध्ये भव्य घुमटाखाली एक वाचनालय होते. तेथील ग्रंथ घरी नेता येत नसत. जागीच बसून वाचावे लागत. भीमराव ते उघडताच आत शिरत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. परतताना त्यांचे खिसे टिपणांच्या कागदांनी भरलेले असत. १९२३ मध्ये त्यांनी अर्थशास्त्रातील डी. एस्सी. ही श्रेष्ठ पदवी संपादन केली. ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

पुढे मुंबईत दादर येथे त्यांनी ‘राजगृह’ हे घर बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. भारताच्या संविधानाचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा निरनिराळ्या देशांच्या राज्यव्यवस्थांचा त्यांचा व्यासंग देशाच्या कामी आला.

सुट्टीत खेळावे, फिरावे, डोंगर चढावेत. त्यात गैर काही नाही. परंतु कोणी सक्ती करणारे नसताना मनुष्य आपणहून जेथे जातो, तेथे त्याच्या मनाची ओढ दिसते. जहाज बुडाले, पुस्तके बुडाली; ही ओढ मात्र बुडाली नाही.

शब्दार्थ : पाणतीर – पाण्यातून जाऊन जहाजाचा भेद करणारे अस्त्र. विरंगुळा – मन रमविण्याचे साधन. व्यासंग – सतत केलेला सखोल अभ्यास.

स्वाध्याय

१. भीमरावांच्या मनाला टोचणी का लागली?
२. ‘पोटाला चिमटा घेणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
३. पाठाच्या शेवटच्या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.
४. तुमच्या गावात सुट्टीच्या दिवशी तुम्ही कोठे जाता आणि का, ते दहा ओळींत लिहा.