पहिला नंबर कोण ठरवतो?



गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेचा निकाल लागला की आनंद नगरच्या आपल्या मुलांमध्ये दोन-तीन दिवस वाद रंगतो. यंदा एका मुलीने आम्हाला विचारले, "माझे पाठांतर पक्के होते, वेळही पाळली. बोलण्यात हिंदीचा हेल येतो म्हणून मी तिसरी आले का?" आम्ही गुणांचा कागद काढून पाहिला. एका परीक्षकाने तिला पहिली ठेवले होते, दुसऱ्याने पाचवी. भाषण एकच, ऐकणारे दोन! तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला गोल्फचा उपयोग झाला. या खेळात दोन प्रकारचे क्रम असतात आणि त्यांतला फरक चटकन कळतो.

मोजलेला क्रम

गोल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालायचा असतो. 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली. कांस्यपदक फक्त एका फटक्याने हुकले. वाईट सर्वांनाच वाटले, पण क्रमाबद्दल कोणी वाद घातला नाही. फटके कोणीही मोजले तरी तेवढेच भरतात.

ठरवलेला क्रम

पण 'सर्वांत चांगले गोल्फचे मैदान कोणते?' असे विचारले, तर मोजायचे काय? 'गोल्फ डायजेस्ट' या अमेरिकन मासिकाने 1966 मध्ये मैदानांची यादी केली, ती सर्वांत 'कठीण' मैदानांची होती. पुढे तीच यादी सर्वांत 'श्रेष्ठ' मैदानांची झाली. प्रश्न बदलला, तशा कसोट्याही बदलल्या. फटक्यांची परीक्षा, रचनेतली विविधता, सौंदर्य, हिरवळीची निगा अशा बाबींना परीक्षक दहापैकी गुण देऊ लागले. या यादीत अनेक वर्षे पाइन व्हॅली पहिले होते. 2001 मध्ये पेबल बीच पहिले आले, तर 2009 मध्ये ऑगस्टा नॅशनल. मैदाने होती तिथेच होती!

आता एक छोटे गणित करू. आकडे आमच्या मनचे आहेत.
मैदान 'अ' : फटक्यांची परीक्षा 9, सौंदर्य 6. बेरीज 15.
मैदान 'ब' : फटक्यांची परीक्षा 7, सौंदर्य 9. बेरीज 16.
म्हणजे 'ब' पहिले. आता फटक्यांच्या परीक्षेचे गुण दुप्पट धरा. 'अ' ला 24 आणि 'ब' ला 23. पहिला नंबर 'अ' चा! परीक्षकांनी एकही गुण बदलला नाही. काय महत्त्वाचे, एवढेच आपण बदलले.

एकाच माणसाची दोन मते

आवड एकाच माणसाचीही बदलते. 1921 मध्ये 19 वर्षांचे बॉबी जोन्स स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर खेळायला आले. तिसऱ्या फेरीत चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला आणि त्यांनी वैतागून स्पर्धाच सोडली. 1927 मध्ये त्याच मैदानावर ते तीच स्पर्धा जिंकले. पुढे हे मैदान त्यांना अतिशय प्रिय झाले आणि 1958 मध्ये त्या गावाने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले. 1921 मध्ये त्यांना गुण द्यायला सांगितले असते तर?

आपल्या नाशिकचेच बघा. तिथल्या एका मोठ्या मैदानाला लोक अजून 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजी करंडकाचे क्रिकेट सामने झाले आहेत, सकाळी लोक फिरायलाही येतात. क्रिकेटपटू खेळपट्टी पाहील, आजोबा सावली पाहतील, इतिहासाचा विद्यार्थी नाव वाचून थांबेल. तिघांचे गुण वेगळे पडतील आणि तिघेही खरेच बोलत असतील.

मग क्रमवारी खोटी का?

खोटी नाही. जाणकाराच्या आवडीमागे अनुभव असतो आणि अनेकांची मते एकत्र केली की एकाचा हट्ट चालत नाही. पण अशी क्रमवारी म्हणजे आकड्यांत लिहिलेले मत असते. ती वाचताना तीन प्रश्न विचारावेत : गुण कोणी दिले? कशाला दिले? कशाला जास्त वजन दिले?

आता त्या मुलीचे उत्तर. गुणांच्या कागदावर 'उच्चार' असा एकच रकाना होता. एका परीक्षकाने त्यात स्पष्टपणा पाहिला, दुसऱ्याने हेल. चूक आमची. उच्चार म्हणजे काय, हे आम्हीच आधी ठरवले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या भोपाळात राहिलेल्या घरांतल्या मराठीला इथल्या हिंदीचा हेल असणारच. पुढच्या वर्षी 'स्पष्ट उच्चार' असा रकाना असेल आणि हेलाचे गुण कापले जाणार नाहीत. कसोट्या आणि त्यांचे गुण स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी फळ्यावर लागतील. तरीही परीक्षकांची आवड थोडी उरेलच, तेवढी आपण हसून स्वीकारू. मात्र तिसरा नंबर आला म्हणून बोलणे सोडायचे नाही. जोन्सही पुन्हा खेळायला गेले होते!

स्वाध्याय

1. भोपाळमधली तुमच्या आवडीची तीन ठिकाणे क्रमाने लिहा. आधी कसोट्या लिहा, मग गुण द्या.
2. तीच यादी आजी-आजोबांकडून करून घ्या. कोणत्या कसोटीमुळे क्रम बदलला?
3. 'मोजलेला' आणि 'ठरवलेला' क्रम यांची प्रत्येकी दोन उदाहरणे शाळेतूनच शोधा.