नोजल बदलण्याआधी वायर बघ गं

हे बघ, मिस्त्रीने लिहून दिलेलं पिकअपचं ते एस्टिमेट आधी घडी करून पर्समध्ये टाक. चार इंजेक्टर, पंपाचं काम, मजुरी वेगळी! आकडा बघून तुझ्या पोटात गोळा आला असणार, त्यात जाधववाडीच्या बाजारात अद्रक पोचवायची घाई. पण पैसे मोजण्याआधी एवढं नक्की करून घेऊ, की बिघाड इंजेक्टरचा आहे की त्याच्याकडे जाणाऱ्या वायरचा. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खरं सांगू का, वरून लक्षणं सारखीच दिसतात. गाडी मिसिंग मारते, उभ्या जागी थरथरते, चढाला ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो. पण वायरचं दुखणं लहरी असतं. गतिरोधकावर आदळली की गाडी मिसिंग धरते आणि पुढच्या वळणावर आपोआप सुधारते. सकाळी थंड असताना ठीक, इंजिन तापलं की कुरकुर. वॉशिंग सेंटरवरून आणली की दुसऱ्या दिवशी हमखास त्रास. घासून खराब झालेला इंजेक्टर सहसा असे नखरे करत नाही, तो दिवसेंदिवस वाईटच होत जातो. म्हणून आधी आठवून बघ, नेमकं कधी होतं? ते वहीत लिही. मिस्त्रीला नुसतं ‘गाडी बिघडली’ असं सांगू नकोस, ही वही दाखव.

मिस्त्री लगेच नोजलवर, म्हणजे इंजेक्टरवर, का गेला असेल, तेही सांगते. त्याच्यावर चिडू नकोस. जुन्या पिकअपमध्ये मेकॅनिकल पंप असायचा, इंजेक्टरला वायरच नसायची. पंपाच्या दाबाने नोजल उघडायचं, बस. त्या काळात शिकलेली माणसं अजून बॉशच्या मालाला ‘मायको’च म्हणतात, कंपनीचं नाव २००८ साली बदललं तरी. मिसिंग आलं की नोजल काढा, पंपवाल्याकडे पाठवा, हा त्यांच्या हाताला बसलेला रस्ता. तुझी गाडी कॉमन रेलची आहे. १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल तर प्रश्नच नाही. त्यात प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर छोटी विजेची कॉइल असते, आणि किती डिझेल कधी सोडायचं हे ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, दोन वायरींतून सांगतो. वायर तुटली की सांगणं तिथेच थांबतं. मग इंजेक्टर कितीही नवा घाल, तो मुकाटच बसणार.

म्हणून पहिलं काम स्कॅनर. बॅटरीची वायर काढायच्या आधी स्कॅनर लाव, कारण काही गाड्यांत बॅटरी काढली की साठलेले कोड पुसले जातात. स्क्रीनचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेव. पी०२०१ ते पी०२०४ यांपैकी काही दिसलं तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. आता इथे नीट लक्ष दे, कारण इथेच पैसे जातात. हा कोड ‘इंजेक्टर खराब’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, त्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किटमध्ये कॉइल आली, वायर जोडायचा कपलर आला, वायर आली आणि ईसीएमही आला. दोन सिलिंडर एकदम गेले असतील तर माझा संशय आधी वायरीवर जाईल. बऱ्याच गाड्यांत इंजेक्टर जोडीजोडीने एका लाइनवर असतात, आणि एका वायरीत शॉर्ट झाला की जोडीदारही बंद पडतो.

आता बॉनेट उघड. गाडी पूर्ण थंड, किल्ली तुझ्या हातात, ओढणी आणि बांगड्या बाजूला. इंजिनच्या वर ओळीने चार इंजेक्टर दिसतील, प्रत्येकाच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा कपलर, त्यात दोन वायरी. कपलरला खटक्याची पट्टी असते, ती तुटलेली आहे का बघ. गरमीने ते प्लास्टिक बिस्किटासारखं होतं, आणि मागे कुणी तरी स्क्रू ड्रायव्हरने उचकटलेलं असतं. खटका नसला की कपलर वर नुसता टेकलेला राहतो आणि प्रत्येक हादऱ्याला सुटतो. तो काढून आतल्या पिना बघ: हिरवट-पांढरी बुरशी, तेलाचा चिकटा, मागे सरकलेली पिन. मग वायरींवरच्या काळ्या नळीवरून बोट फिरवत मागे जा. नळी लोखंडी पट्टीला घासते का, गरम पाइपला टेकते का, कुठे जुनी चिकटपट्टी गुंडाळली आहे का. चिकटपट्टी दिसली की तिथे थांब, कारण तिथे आधी कुणी तरी हात घातलाय.

आणि बघ, दोन गोष्टी मी तुला करू देणार नाही. चालू इंजिनवर इंजेक्टरच्या कपलरला हात लावायचा नाही, टेस्ट लॅम्प टोचायचा नाही. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी ईसीएम इंजेक्टर उघडायला त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज सोडतो. दुसरी, जुन्या पद्धतीप्रमाणे चालू गाडीत डिझेल पाइपचा नट ढिला करून ‘कोणता सिलिंडर मेलाय’ हे कुणी बघायला निघालं तर तिथल्या तिथे गाडी बंद कर. टायरमध्ये आपण पन्नास-साठ पीएसआय हवा भरतो. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बारपर्यंत जातो, म्हणजे तेवीस हजार पीएसआयच्या घरात. ती धार कातडी फोडून आत शिरते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि आतून हात सडायची वेळ येते. मेलेला सिलिंडर शोधायला स्कॅनरमध्ये वेगळी टेस्ट असते, ती करायला सांग.

मल्टिमीटरचं काम मिस्त्रीलाच करू दे, पण तू शेजारी उभी राहा. गाडी बंद, कपलर काढलेला, आणि इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स. सोलेनॉइडच्या, म्हणजे कॉइलच्या, इंजेक्टरला तो अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतो. स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरीच तेवढा आकडा दाखवतात, म्हणून आधी दोन टोकं एकमेकांना टेकवून किती येतं ते बघायचं आणि वजा करायचं. खरं तर आकड्यापेक्षा तुलना जास्त बोलते. तीन सारखे आणि चौथा एकदम वेगळा, किंवा काहीच दाखवत नाही, तर तो इंजेक्टर दोषी. चारही सारखे असतील तर मोर्चा वायरीकडे वळव. कपलरपासून ईसीएमच्या सॉकेटपर्यंत एकेक वायर तपासायची, आणि तपासताना हार्नेस, म्हणजे वायरींचं जुडगं, हाताने हलवायचं. हलवल्यावर आकडा नाचला की सापडला चोर.

दुरुस्तीत काटकसर करू नकोस गं. वायरींना पीळ देऊन वर टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या महिन्यात परत रस्त्यात उभं राहणं. तेवढ्याच जाडीची वायर, दाबून बसवलेला जोड, वर गरम करून आवळणारी स्लीव्ह, आणि हार्नेस गरम पाइपपासून लांब बांधलेलं. वायर ताणून बांधू नका म्हणावं, इंजिन हलतं. बऱ्याच गाड्यांत इंजेक्टरचं हार्नेस वेगळं मिळतं. वायर तीन-चार ठिकाणी खाल्लेली असेल तर सरळ तेच बदल. आणि सगळं तपासून खरंच इंजेक्टर गेला असेल, तर नव्याच्या डोक्यावरचा अक्षर-अंकांचा कोड ईसीएममध्ये भरला का, हे विचारूनच बिल दे.

खाल्लेली म्हटलं, कारण आपल्याकडे अर्धी भानगड उंदरांची. मका निघाला की शेडमध्ये त्यांची जत्रा भरते, आणि गरम इंजिन म्हणजे फुकटची धर्मशाळा. हौद्यात धान्य सांडलेलं ठेवू नकोस, रात्री बॉनेट उघडं ठेव, आठवड्याला एकदा टॉर्च मारून बघ. तंबाखूच्या पुड्या टाकतात, त्याचा उपयोग चार दिवस. माझं विचारशील तर मिसिंग आलं तेव्हा मी आधी पुढची लिंबू-मिरची बदलली होती, कपलरकडे बघायचं नंतर सुचलं! अजून एक, हौद्याला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवायला लाव, नाहीतर ईसीएम जायचा.

‘मला यातलं काय कळतं’ असं म्हणू नकोस हं. हिशोब तू ठेवतेस, भाडं तू ठरवतेस, चार वायरी कळणार नाहीत होय? आणि माणसं मिळत नाहीत असंही नाही. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे, शेंद्र्याला पर्किन्सची डिझेल इंजिनं बनतात. या पट्ट्यात वायर ओळखणारा कारागीर नक्की सापडतो. इंजेक्टरवाल्याकडे जाण्याआधी एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडी दाखव.

तोवर माल भरून कन्नडच्या घाटाला अजिबात जायचं नाही. चढाला गाडीने दम सोडला तर मागच्या गाडीला थांबायला जागा नसते. उद्याचं अद्रक दुसऱ्याच्या गाडीने पाठव, एक भाडं बुडेल, बुडू दे. सकाळी कोडचा फोटो आणि कपलरचे फोटो मला पाठव, मग मिस्त्रीला काय विचारायचं ते आपण बोलू.