मांजरांवरील प्रतिजैविक उपचार : थांबावे केव्हा?

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर मांजर हे कोळीवाड्यातील घरचेच प्राणी समजले जाते. बंदरावर मासळी उतरली की त्याचा वाटा ठरलेला. आजारी मांजरास पशुवैद्यकीय दवाखान्यात आणण्याची प्रवृत्ती वाढावयास हवीच; परंतु सुरू केलेला उपचार थांबवावा केव्हा, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. मांजर खाऊ लागले म्हणून किंवा गोळ्या संपल्या म्हणून औषध बंद होते. यांपैकी एकही कसोटी खरी नव्हे.

छातीच्या पोकळीत पू साचण्याचा विकार याचे उत्तम उदाहरण होय. बोक्यांच्या भांडणातील चाव्यामुळेही तो उद्भवू शकतो. नळीवाटे पू काढून प्रतिजैविक दिले की काही दिवसांतच मांजराची भूक परतते. संसर्ग मात्र आत शिल्लक असू शकतो. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार येथे किमान ३ आठवडे आणि शक्यतो ४ ते ६ आठवडे उपचार द्यावयाचा असून, प्रारंभानंतर १० ते १४ दिवसांनी क्ष-किरण तपासणी करावयाची असते. डोळ्यांच्या क्लॅमिडिया संसर्गातही डोळे लवकर स्वच्छ दिसतात, तरी डॉक्सिसायक्लिन साधारण ४ आठवडे, तेही घरातील सर्व मांजरांना एकाच वेळी द्यावे लागते.

याउलट, लांबलेला उपचार नेहमीच हिताचा असतो असेही नाही. मूत्रपिंडाच्या संसर्गासाठी पूर्वी ४ ते ६ आठवडे औषध देत. २०१९ च्या सूचनांनी ही मुदत १० ते १४ दिवसांवर आणली. मूत्राशयाच्या साध्या संसर्गास ३ ते ५ दिवस पुरतात. तरुण मांजरांत लघवीच्या तक्रारीमागे बहुधा जंतू नसतातच. (बोका कुंथत असूनही लघवी मुळीच होत नसेल, तर मात्र तो त्याच दिवशी दवाखान्यात न्यावयाचा आजार आहे.) जुनाट सर्दीत नाकाच्या आतील रचनेची हानी झालेली असते. ती गोळ्यांनी भरून येत नाही. काही दिवसांत गुण दिसला नाही, तर तेच औषध महिनोन्महिने चालविण्यात अर्थ नाही. त्यातून औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे शिल्लक राहतात.

औषधाचे स्वतःचे अपायही निर्णयात धरावे लागतात. डॉक्सिसायक्लिनची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण होतो व मार्ग अरुंद होऊ शकतो. म्हणून गोळीनंतर थोडे पाणी पाजावे. एन्रोफ्लॉक्सासिनची मात्रा वाढल्यास मांजरास अंधत्व येऊ शकते.

घरी ठेवलेली नोंद पशुवैद्यकास फार उपयोगी पडते. मासळीच्या काट्यावर आठवड्याला वजन करावे आणि मांजर झोपलेले असताना मिनिटाचे श्वास मोजावेत; ते सामान्यतः ३० च्या आत असतात. लघवीतील जंतूंच्या तपासणीचा नमुना औषध सुरू होण्यापूर्वीच घेतला जाणे आवश्यक आहे.

गावात क्ष-किरणाची सोय नसते, ही किनाऱ्यावरील खरी अडचण. परळ येथे १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मांडवा ते भाऊचा धक्का ही रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाल्याने तेथवरचा प्रवास सुकर झाला. मात्र पावसाळ्यात मांडवा–गेटवे लाँच बंद असतात. म्हणून फेरतपासणीची तारीख पहिल्याच भेटीत निश्चित करून घ्यावी आणि औषध त्या तारखेपर्यंत पुरेल एवढे आणावे.

उरलेल्या गोळ्या दुसऱ्या मांजराला, कोंबड्यांना किंवा घरातील मुलांना देऊ नयेत. त्या खाडीतही टाकू नयेत. औषध थांबविल्यानंतर पू किंवा धाप पुन्हा दिसल्यास जुनीच चिठ्ठी दाखवून औषध न घेता पुवाची नव्याने जंतुतपासणी करून घ्यावी; कारण जंतू तेच असले, तरी पूर्वीचे औषध त्यांवर चालेलच असे नाही.