तान्ह्या बाळाचे कान तपासणारे हात शिकतात कुठे?

“ताट वाजवलं की पाहते ना ते! मग बहिरं कसं म्हणता, सिस्टर?” समुद्रपूरच्या वस्त्यांमध्ये फिरताना हे आम्ही कितीतरी आयांच्या आणि आज्यांच्या तोंडून ऐकले. ताट वाजवून कान पाहायची आपली जुनी रीत. पण बाळ हलणारा हात पाहते, जमिनीची थरथर त्याला जाणवते, आणि ताटाचा खणखणाट अर्धवट ऐकणाऱ्या कानालाही पोचतो. ‘आई’, ‘दूध’ हे शब्द मात्र त्या कानात शिरत नाहीत. मग घरात कोणीतरी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला होता. यात दोन-तीन वर्षे निघून जातात.

तीच वर्षे सर्वांत मोलाची. अमेरिकेतील कोलोराडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ साली दाखवून दिले की, ज्या बाळांचे कमी ऐकणे सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले, त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा बरीच चांगली वाढली. म्हणून जगभर एक हिशोब मानतात : पहिल्या महिन्यात कानाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

हे निदान करतो श्रवणतज्ज्ञ, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट. चार वर्षांची पदवी घेऊन भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी झालेला माणूस. त्याच्याकडे म्हातारी माणसे जास्त येतात. आवाज आला की ती बोट वर करतात. तान्हे बाळ बोट वर करत नाही. त्याच्यासाठी ‘ओएई’ आणि ‘बेरा’ या दोन तपासण्या लागतात. पहिली कानाच्या आतल्या भागाचा प्रतिसाद पाहते. दुसरी तो आवाज नसेवाटे मेंदूकडे पोचतो का, ते पाहते.

इथे आमचीच एक चूक सांगतो. रुग्णालयात नोकरी करत होतो तेव्हाची गोष्ट. जबर कावीळ होऊन काचेच्या पेटीत राहिलेले एक बाळ होते. ओएई झाली, कार्डावर ‘पास’ लिहिले गेले. आम्हीही ते कार्ड आईच्या हाती देऊन म्हणालो, “कान चांगले आहेत, काळजी करू नको.” दोन वर्षांनी ती बाई पोराला घेऊन परत आली. एक शब्द नाही. जबर कावीळ झालेल्या बाळाचा कान ठीक असून नस बिघडलेली असू शकते. ती ओएईत कळत नाही, बेराच करावी लागते. हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि तपासणाऱ्यालाही कोणी शिकवलेले नव्हते.

म्हणून पदवीनंतरचे शिक्षण हवे. पूर्वी त्यासाठी मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था किंवा मुंबईत वांद्र्याची, १९८३ मध्ये सुरू झालेली अली यावर जंग संस्था गाठावी लागे. जिल्ह्यात एकच तज्ज्ञ असेल आणि तोच आठवडाभर गेला, तर इथल्या रांगेने काय करावे? नोंदणी टिकवायला तज्ज्ञांना अशा शिक्षणाचे गुण मिळवावेच लागतात. करोनाच्या काळापासून यातले बरेच वर्ग ऑनलाइन होऊ लागले. बेराच्या लाटा वाचणे, कोणत्या बाळाला कोणती तपासणी लावायची, आईबापाला निदान कसे सांगायचे, हे पडद्यावरून चांगले शिकता येते. लहान कानाच्या नळीत तोच आवाज जास्त जोरात होतो, म्हणून यंत्राचा आवाज मोठ्या माणसासारखा लावून चालत नाही, हेही.

पण झोपलेल्या बाळाला न उठवता कानात नळी बसवणे किंवा कानाच्या साच्याचे माप घेणे पडद्यावर येत नाही. आम्ही इंजेक्शन पुस्तकातून शिकलो नाही. म्हणून मैसूर संस्थेचा श्रवण-वाचा पदविकेचा मार्ग आम्हाला पटतो : वर्ग दूरवरून व्हिडिओवर, सराव मात्र जवळच्या केंद्रात खऱ्या रुग्णांवर. नुसत्या दोन तासांच्या व्याख्यानाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून यंत्रे विकणाऱ्या दुकानदाराला तज्ज्ञ समजू नका. पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात लाज कसली!

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायला हवे. शंका असेल तर त्याची वाट न पाहता आशाताईला गाठा, ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घ्या. या कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रात श्रवणतज्ज्ञाचे पद धरलेले आहे आणि तपासणी मोफत आहे. पद रिकामे असेल तर वस्तीने मिळून लेखी अर्ज द्यावा. तिथे विचारा : तान्ह्या बाळांची बेरा तुम्ही करता का? त्याचे शिक्षण कुठे घेतले? बाळाला यंत्र लागले तर कानाचा साचा दर काही महिन्यांनी बदलून मिळेल का? कान वाढतो, साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारते आणि मग ते पेटीत पडून राहते.

पहिल्या दिवसांत ओएईत ‘रेफर’ आले तर घाबरू नका, कानात जन्माचा मळ असला तरी तसे येते. पण पुन्हा तपासणी चुकवू नका. आणि बेरासाठी जाताना बाळाला वाटेत, जामच्या चौकात एसटी बदलताना झोपू देऊ नका. तिथे पोचल्यावर पोटभर पाजा, म्हणजे ते यंत्राजवळच गाढ झोपेल.